नागरी समाजाच्या खुर्चीवर कोण बसतो?

काही काळापूर्वी मुंबईत एका मोठ्या संस्थेने सल्लामसलत बैठक भरवली होती. विषय होता परदेशांशी होणारे व्यापार करार आणि कामगार स्त्रियांचे हक्क. आमच्या वस्तीतल्या तीन बायकांना घेऊन मी गेले होते. तिघीही घरी बसून तयार कपड्यांचे धागे कापतात, नगावर पैसे मिळतात. बैठकीचा मसुदा आदल्या रात्री ईमेलवर आला, तोही पूर्ण इंग्रजीत. दिवसभराच्या कार्यक्रमात या तिघींच्या वाट्याला जेवणाच्या सुट्टीआधीची दहा मिनिटे आली. निघताना मात्र प्रत्येकीची सही घेतली गेली आणि बॅनरपुढे फोटो काढला गेला. पुढे अहवाल छापून आला तेव्हा त्यात फोटो होता. नगाचा दर, उशिरा मिळणारे पैसे, मालक कोण हेच माहीत नसणे, यातली एकही गोष्ट त्यात नव्हती. तो अहवाल मी वस्तीत दाखवला, तेव्हा त्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, मग आपल्याला बोलावलं कशाला होतं?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला युरोपकडे पाहावेसे वाटते. कारण दोन देशांमधल्या किंवा देश आणि संघ यांच्यामधल्या वाटाघाटींत नागरी समाजाला जागा देण्याचा सर्वात मोठा आणि सर्वात लांबलेला प्रयोग तिथे झाला आहे. तो कुठे यशस्वी झाला आणि कुणाला बाहेर ठेवून यशस्वी झाला, हे आपण समजून घेतले पाहिजे.

आधी प्रक्रिया पाहू. जून १९९३ मध्ये कोपनहेगनला झालेल्या शिखर बैठकीत युरोपीय संघाने नव्या सदस्यांसाठी अटी घातल्या. त्यातली राजकीय अट अशी की, देशात लोकशाही, कायद्याचे राज्य, मानवी हक्क आणि अल्पसंख्याकांचा सन्मान व संरक्षण यांची हमी देणाऱ्या स्थिर संस्था असाव्यात. बाकीच्या अटी बाजारव्यवस्थेच्या आणि संघाचे कायदे पाळण्याच्या क्षमतेच्या. या चर्चेला वाटाघाटी म्हणतात खरे, पण घासाघीस करायला तिथे फारशी जागा नसते. संघाचे कायदे ठरलेले असतात. ते प्रकरणांमध्ये विभागलेले असतात, आज ती पस्तीस आहेत. एकेक प्रकरण उघडायचे, देशाने आपले कायदे त्याप्रमाणे बदलायचे, मग ते बंद करायचे. युरोपीय आयोग दरवर्षी प्रगतीचा अहवाल काढतो.

आता गोम इथे आहे. सरकार ब्रसेल्सला कळवते, "कायदा केला." पण तो कायदा पोलीस ठाण्यात, शाळेत, दवाखान्यात पोचला की नाही हे आयोगाला कसे कळणार? त्याची माणसे गावोगाव नसतात. ते सांगू शकतात त्या त्या देशातल्या संघटना, वकील, पत्रकार, कामगार संघ. सरकारच्या अहवालाला समांतर असा लोकांचा अहवाल ते देतात. म्हणजे नागरी समाज या प्रक्रियेत शोभेसाठी आलेला नाही. त्याच्याशिवाय ही प्रक्रिया आंधळी आहे.

स्लोव्हाकियाचे उदाहरण या बाबतीत नेहमी दिले जाते आणि ते योग्यच आहे. पंतप्रधान व्लादिमीर मेचियार यांच्या काळात तिथली लोकशाही इतकी घसरली की १९९७ मध्ये आयोगाने राजकीय अट पूर्ण होत नाही असे स्पष्ट सांगितले. त्या डिसेंबरमध्ये शेजारच्या चेक प्रजासत्ताक, पोलंड, हंगेरीला वाटाघाटींचे आमंत्रण मिळाले, स्लोव्हाकिया बाहेर राहिला. मग तिथल्या संघटनांनी १९९८ च्या निवडणुकीआधी 'ओके ९८' नावाची मोहीम काढली. मत कुणाला द्या हे त्यांनी सांगितले नाही, मत द्या एवढेच सांगितले. सुमारे चौऱ्याऐंशी टक्के मतदान झाले. मेचियार यांचा पक्ष पहिला आला, पण त्यांना सरकार बनवता आले नाही. नव्या सरकारने २००० मध्ये वाटाघाटी सुरू केल्या आणि १ मे २००४ रोजी स्लोव्हाकिया इतर नऊ देशांसोबत संघात दाखल झाला.

इथपर्यंतची गोष्ट कुणालाही आवडेल अशी आहे. पण एक आंबेडकरी कार्यकर्ती म्हणून मी पुढचा प्रश्न विचारणार. त्याच स्लोव्हाकियात, त्याच काळात, गावाबाहेरच्या वस्तीत राहणाऱ्या रोमांचे काय झाले?

रोमा हा युरोपातला सर्वात मोठा वांशिक अल्पसंख्याक समाज. त्यांची संख्या सुमारे एक कोटी ते एक कोटी वीस लाख मानली जाते. त्यांची भाषा भारतीय भाषांच्या कुळातली आहे, त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून गेले. ते मूळचे आपल्यातलेच अस्पृश्य होते असा दावा काही जण उत्साहाने करतात. पुराव्याशिवाय मी तो करणार नाही आणि त्याची गरजही नाही. गावाबाहेरची वस्ती, वेगळी शाळा, पाण्याचा वेगळा नळ, 'हे लोक असेच' हा शेरा. साम्य त्यांना मिळालेल्या वागणुकीत आहे आणि ते पुरेसे आहे.

चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावा शहराची हकीकत पाहा. तिथे रोमा मुलांना मतिमंद मुलांसाठी असलेल्या विशेष शाळांत सर्रास टाकले जाई. रोमा मूल अशा शाळेत जाण्याची शक्यता बिगर-रोमा मुलाच्या सत्तावीस पट होती. अठरा मुलांच्या वतीने खटला उभा राहिला. बुडापेस्टच्या युरोपीय रोमा हक्क केंद्राने तो लढवला. देशातल्या न्यायालयात न्याय मिळाला नाही, म्हणून २००० साली प्रकरण स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. २००६ मध्ये तिथेही आधी हार झाली. अखेर १३ नोव्हेंबर २००७ रोजी मोठ्या पीठाने तेरा विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की हा भेदभावच आहे. आता तारखा जुळवून बघा. खटला चालू असतानाच, २००४ मध्ये, चेक प्रजासत्ताक संघाचा सदस्य झाला होता. 'अल्पसंख्याकांचे संरक्षण' ही अट पूर्ण झाल्याचे मान्य झाले तेव्हा ही मुले विशेष शाळेत वाढत होती.

स्लोव्हाकियात रोमा स्त्रियांची त्यांच्या खऱ्या संमतीविना नसबंदी होत असल्याचा अहवाल हक्क संघटनांनी जानेवारी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. देशाच्या वाटाघाटी जेमतेम महिनाभरापूर्वी पूर्ण झाल्या होत्या. प्रवेश थांबला नाही. एका रोमा स्त्रीला २००० साली बाळंतपणाच्या वेळी अशीच नसबंदी सोसावी लागली होती. तिच्या बाजूने स्ट्रासबर्गचा निकाल लागला नोव्हेंबर २०११ मध्ये. सरकारने माफी मागितली २०२१ मध्ये.

मग आयोगाला हे माहीत नव्हते का? माहीत होते. त्याच्या वार्षिक अहवालांत रोमांच्या परिस्थितीवर टीका असायची. तरीही दार उघडले, याची कारणे प्रक्रियेच्या रचनेतच आहेत. दूध, पोलाद, सीमाशुल्क यांवर संघाचे शेकडो तपशीलवार नियम होते, त्यामुळे त्यांची मोजदाद करता येत होती. अल्पसंख्याकांच्या संरक्षणामागे तसे नियमांचे पाठबळ फारच थोडे होते. त्यामुळे सरकारने एखादे 'रोमा धोरण' कागदावर काढले की प्रगती झाली असे नोंदवता येई. दुसरे कारण नागरी समाजाच्या आतले आहे. युरोपीय निधीचे अर्ज इंग्रजीत, हिशेबाच्या अटी कडक, काही रक्कम स्वतः उभी करायची. हे कुणाला जमते? राजधानीत कार्यालय असणाऱ्यांना. वस्तीतल्या मंडळाकडे लेखापाल कुठला? त्यामुळे रोमांविषयी बोलणाऱ्या संस्था वाढल्या, त्या मानाने रोमा बोलताना दिसले नाहीत.

आणि एकदा देश आत गेला की बाहेरचा दाबही ओसरतो. शाळांतल्या विलगीकरणाबद्दल आयोगाने चेक प्रजासत्ताकावर २०१४ मध्ये, स्लोव्हाकियावर २०१५ मध्ये आणि हंगेरीवर २०१६ मध्ये कारवाई सुरू केली, म्हणजे प्रवेशानंतर दहा-बारा वर्षांनी. स्लोव्हाकियाचे प्रकरण संघाच्या न्यायालयात पाठवण्याचा निर्णय व्हायला २०२३ उजाडले. संघाच्याच मूलभूत हक्क संस्थेने नऊ सदस्य देशांत केलेली पाहणी २०१६ मध्ये आली. तिच्यानुसार ऐंशी टक्के रोमा दारिद्र्याच्या उंबरठ्याखाली होते. संघाची सरासरी सतरा टक्के होती.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवले होते की, राज्य, बाजार आणि कुटुंब यांच्यामधली ऐच्छिक संघटनांची जागा म्हणजे नागरी समाज. व्याख्या ठीक आहे. पण त्या जागेत शिरायला जात, वर्ग, भाषा यांचे भाडे भरावे लागते, हे व्याख्येत लिहिलेले नसते. गावगाड्यात ज्याला चावडीवर बसू दिले जात नव्हते, त्याच्यासाठी चावडी ही 'नागरी समाज' नव्हती.

बाबासाहेबांच्या राजकारणाचा मोठा भाग याच प्रश्नाभोवती आहे. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदन दिले. तेव्हा काँग्रेसचा बहिष्कार चालू होता आणि बाबासाहेबांवर देशद्रोहाचे आरोप झाले. आजच्या भाषेत बोलायचे तर एका नागरी संघटनेने घटनात्मक वाटाघाटीत आपला समांतर अहवाल सादर केला होता. पुढे १९३० ला लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बसले. दुसऱ्या परिषदेत गांधीजींनी सांगितले की अस्पृश्यांचे खरे प्रतिनिधित्व मी करतो. भांडण दोन व्यक्तींचे नव्हते. ज्याच्याबद्दल निर्णय होणार, त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार सहानुभूतीतून येतो की त्या समाजाने दिलेल्या कौलातून, हा तो वाद होता. गेली पंचवीस वर्षे ब्रसेल्समध्ये रोमा कार्यकर्ते हाच वाद घालत आहेत.

आता आक्षेप. ते तिन्ही वजनदार आहेत, म्हणून टाळणार नाही.

पहिला आक्षेप असा की, या संघटनांना निवडून कुणी दिले? सरकार लोकांनी निवडलेले असते, यांचे काय? बरोबर आहे. म्हणूनच नागरी समाजाला निर्णयाचा अधिकार कुणी मागत नाही. मागणी आहे ती माहिती मिळण्याची, बोलण्याची आणि उत्तर मिळण्याची. शिवाय निवडणुकीत बहुमत बोलते. जो समाज कुठल्याही मतदारसंघात बहुमतात नसतो, त्याने पाच वर्षे गप्प बसायचे का?

दुसरा आक्षेप परक्या पैशाचा. परदेशी निधी घेणारे परक्यांचे हस्तक, असे म्हणायची पद्धत आता जगभर आहे. जॉर्जियात २०२४ च्या मे महिन्यात कायदा झाला की, वीस टक्क्यांहून अधिक निधी बाहेरून घेणाऱ्या संघटनांनी परकीय शक्तीचे हित जपणारे म्हणून नोंदणी करावी. गंमत बघा, ज्या देशाच्या संविधानातच युरोपीय एकात्मतेसाठी सर्व उपाय योजण्याचे बंधन सरकारी संस्थांवर आहे आणि ज्याला पाचच महिन्यांपूर्वी उमेदवार देशाचा दर्जा मिळाला होता, त्याने हे केले. संघाने प्रवेशप्रक्रिया थांबल्याचे सांगितले. नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांनी २०२८ च्या अखेरीपर्यंत वाटाघाटींचा विषयच नको असे जाहीर केले आणि तिबिलिसीच्या रुस्तावेली रस्त्यावर लोक उतरले. हंगेरीने असाच कायदा २०१७ मध्ये केला होता, संघाच्या न्यायालयाने तो २०२० मध्ये बेकायदा ठरवला. आपल्याकडे २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधी एका संस्थेने दुसरीला देण्यावर बंदी आली. त्याचा फटका कुणाला बसला? मोठ्या संस्थेकडून थोडी रक्कम घेऊन जिल्ह्यात काम करणाऱ्या लहान संघटनांना. हिशेब पारदर्शक असलाच पाहिजे, तो आम्हीही मागतो. पण उद्योगासाठी परदेशी भांडवल आले की स्वागत आणि हक्कांसाठी आले की संशय, हा न्याय कुठला?

तिसरा आक्षेप सर्वात गंभीर आहे. श्रीमंत देश मानवी हक्कांच्या नावाखाली गरीब देशांचा माल अडवतात. व्यापार कराराला कामगार मानके जोडण्याला भारताने १९९६ च्या सिंगापूर परिषदेपासून विरोध केला तो याच कारणाने. या संशयात तथ्य आहे. युरोपला रोमांच्या शाळा दिसायला इतकी वर्षे लागली, त्याने आपल्याला उपदेश करावा इतका त्याचा हात स्वच्छ नाही. पण यातून निष्कर्ष काय निघतो? मानके ब्रसेल्सने ठरवू नयेत, हा. मग ती धागे कापणाऱ्या बाईला विचारून दिल्लीत ठरवा. तिला दिल्लीही विचारत नाही आणि ब्रसेल्सही विचारत नाही, तर सार्वभौमत्व नेमके कुणाचे जपले जाते?

आपल्या बाजूने हा अनुभव नवा नाही. २००१ मध्ये डर्बनच्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न नेला, तेव्हा भारत सरकारने जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे असे सांगून तो जाहीरनाम्यात येऊ दिला नाही. पण पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभावविरोधी समितीने वंशपरंपरेवर आधारित भेदभावात जातीचा समावेश होतो अशी शिफारस केली. त्यामागे याच संघटनांचा रेटा होता. आंतरराष्ट्रीय दलित एकता नेटवर्कने संयुक्त राष्ट्रांकडे सल्लागार दर्जासाठी २००८ मध्ये अर्ज केला. भारताच्या प्रतिनिधींनी पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून तो लांबवला, दर्जा मिळाला डिसेंबर २०२२ मध्ये. एका संघटनेला दाराशी चौदा वर्षे उभे केले गेले.

युरोपीय संसदेने २००७ च्या फेब्रुवारीत भारतातल्या दलितांच्या हक्कांवर ठराव केला. त्याच वर्षी भारत आणि युरोपीय संघ यांच्या मुक्त व्यापार कराराची बोलणी सुरू झाली, २०१३ मध्ये थांबली, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिश्टनस्टाइन या देशांशी १० मार्च २०२४ रोजी भारताने करार केला, त्यात शाश्वत विकासाचे एक प्रकरण आहे. चामडे, कापड, ऊस, मासळी या व्यवसायांत तळाचे काम कुणाच्या जाती करतात हे आपल्याला माहीत आहे. या बोलण्यांत त्यांच्या किती संघटनांना विचारले गेले?

बदल होऊ शकतो, हेही युरोपनेच दाखवले आहे. मागच्या चुकांवरून न्यायव्यवस्था आणि मूलभूत हक्कांची प्रकरणे सर्वात आधी उघडायची आणि सर्वात शेवटी बंद करायची असे धोरण आले. माँटेनेग्रोशी २०१२ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या, तेव्हा प्रकरणांच्या कार्यगटांत बिगरसरकारी संघटनांचे सदस्य घेतले गेले. युक्रेनमध्ये जुलै २०२५ मध्ये भ्रष्टाचारविरोधी यंत्रणांचे स्वातंत्र्य काढून घेणारा कायदा झाला. युद्ध चालू असताना तरुण पुठ्ठ्याचे फलक घेऊन रस्त्यावर आले, युरोपनेही कान धरले, आणि नऊ दिवसांत नव्या कायद्याने ते स्वातंत्र्य परत द्यावे लागले. आतला रेटा आणि बाहेरची अट एकत्र आली की सरकार हलते. यातले एकच असले तर बहुधा हलत नाही.

म्हणून नुसती खुर्ची मागून चालणार नाही. कोणत्याही आंतरराष्ट्रीय करारात किंवा भागीदारीत आपण चार गोष्टी मागितल्या पाहिजेत. मसुदा बाधित लोकांच्या भाषेत आणि किमान महिनाभर आधी मिळावा. प्रतिनिधी त्या समाजाच्या संघटनांनी स्वतः निवडावा आणि परत येऊन त्याने सभेला हिशेब द्यावा. दिलेल्या प्रत्येक सूचनेला, मान्य असो वा अमान्य, कारणांसह लेखी उत्तर मिळावे. आणि करारावर सही झाल्यावरही देखरेख समितीत जागा राहावी, कारण रोमांची फसगत सहीनंतरच जास्त झाली. यातली दुसरी मागणी आपल्या स्वतःच्या संघटनांनाही लागू आहे. वस्तीतल्या बायकांना न विचारता त्यांच्या नावाने बोलणारे आपल्यातही कमी नाहीत. मीही त्या बैठकीला तिघींना घेऊन गेले तेव्हा मसुदा त्यांना समजावून सांगितला नव्हता. चूक माझीही होती.

हंगेरीच्या ईशान्येला शायोकाझा नावाचे खेडे आहे. तिथल्या रोमा कार्यकर्त्यांनी बाबासाहेब वाचले, महाराष्ट्रात येऊन बौद्ध वस्त्या पाहिल्या, आणि २००७ मध्ये रोमा मुलांसाठी शाळा काढली. शाळेला नाव दिले डॉ. आंबेडकर. तेव्हा हंगेरी संघात जाऊन तीन वर्षे झाली होती. वाटाघाटींनी जे दिले नाही ते मिळवण्यासाठी त्यांनी आपला आधार दूर महाराष्ट्रात शोधला. आंतरराष्ट्रीय भागीदारी म्हणतात ती यापेक्षा वेगळी काय असते?

पुढच्या बैठकीचे निमंत्रण येईल तेव्हा मी आधी मसुदा मागणार आहे, मराठीत. तो मिळाला नाही तर जाणार नाही. मिळाला तर वस्तीत वाचला जाईल, आणि मुंबईला कोण जाणार, काय बोलणार, हे मावशी ठरवतील.

जय भीम!